खरखर आणि तीन मिनिटे

जुनी ध्वनिमुद्रिका प्रथमच ऐकणाऱ्याची पहिली तक्रार खरखरीची असते. मुद्रण इतके सदोष असताना त्या गाण्याचा आनंद कसा घ्यावा, हा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी त्या काळी मुद्रण कसे होई ते पाहिले पाहिजे.

नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजान यांचा आवाज तबकडीवर उतरवला. मायक्रोफोन अजून यायचा होता. गायिकेने कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून जोरकस गायचे; त्या दाबाने पडदा थरथरे आणि त्याला जोडलेली सुई मेणावर रेघ कोरीत जाई. फार खालचे आणि फार वरचे नाद या यंत्रात टिकत नसत. डग्ग्याचा घुमारा आणि तानपुऱ्याचा झंकार त्यात हरपले. कंठाचा मधला पट्टा तेवढा तगला. गाणे संपताच गौहरजान इंग्रजीत स्वतःचे नाव सांगतात. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात, तेथील कारागिरांना ओळख पटावी म्हणून ही युक्ती!

१९२५ पासून विद्युत् मुद्रण रूढ झाले. मिरजेचे अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) शतकारंभी कर्ण्यापुढे गायले आणि १९३० च्या दशकात मायक्रोफोनपुढे. दोन्ही मुद्रणे लागोपाठ ऐकावीत. आधीच्यात राग ओळखता येतो. नंतरच्यात स्वर लावण्यातली हळुवार आस ऐकू येते. तेव्हा मुद्रणाच्या दर्जाने फरक पडत नाही, हे म्हणणे भाबडेपणाचे होय. तथापि खाँसाहेबांच्या तबकडीनेच भारावून गदगचा एक मुलगा १९३३ मध्ये गुरूच्या शोधात घर सोडून गेला. ते भीमसेन जोशी.

माझ्या मते खरा घाव खरखरीचा नव्हे, वेळेचा आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम ३ मिनिटे मिळत. तासभर उलगडणारा ख्याल त्यात कसा मावणार? आलाप आटोपता घ्यावा लागे, तानांची घाई होई. खरखरीला कान चार दिवसांत सरावतो. न गायलेला विस्तार मात्र कोणत्याही यंत्राने परत येत नाही. उलट खरखर पुसण्याच्या नादात आवाजाची धारही पुसली जाते. शिवाय आरंभीच्या तबकड्यांची गती एकसारखी नव्हती. ती चुकीची धरली की गायकाची पट्टीच बदलते. हे दोष आपल्या काळाचे आहेत.

भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) आणि अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांचे तर एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. अल्लादिया खाँची गायकी आपण शिष्यांच्या गळ्यातूनच ओळखतो. त्यांपैकी केसरबाई केरकर यांची एक भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरील सुवर्ण-तबकडीत समाविष्ट झाली. तिची लांबी साडेतीन मिनिटे.