चांदीच्या ताटलीचा भाव

मागच्या भागात आपण सोनं गहाण ठेवताना काय बघावं, ते बोललो. आज चांदीचं बोलू. पण आज तुम्हाला आपल्या सराफकट्ट्यावर नेत नाही, लांब अमेरिकेत नेते. पन्नासेक वर्षांपूर्वी तिथे हजारो कुटुंबांनी चांदीच्या ताटल्या विकत घेतल्या, भिंतीवर लावल्या आणि मनात म्हणाले, ही आमची ठेव. त्या ठेवीचं पुढे काय झालं, तो इतिहास आपल्या कामाचा आहे.

ही चाल मूळची युरोपातल्या डेन्मार्क देशातली. तिथे अशी गोष्ट सांगतात, की नाताळच्या सणाला श्रीमंत घरची माणसं आपल्या गडीमाणसांना आणि मोलकरणींना ताटलीत खाऊ भरून देत. खाऊ संपे, पण ताटली सुंदर असे, म्हणून बायका ती भिंतीवर लावून ठेवत. 1895 साली कोपनहेगन शहरातल्या बिंग अँड ग्रोंडाल या चिनीमातीच्या कारखान्याने खास नाताळची, साल घातलेली निळी-पांढरी ताटली काढली. गोठलेल्या खिडकीतून दिसणारं शहर, असं त्यावर चित्र होतं. किंमत अर्धा क्रोनर. नग काढले मोजके काहीशे. दरवर्षी नवं चित्र काढायचं आणि वर्ष सरलं की साचा मोडून टाकायचा, अशी रीत पडली.

आता बघा, ती पहिली ताटली कुणी गुंतवणूक म्हणून घेतलीच नव्हती. वापरात कितीतरी फुटल्या, हरवल्या. ज्या थोड्या उरल्या त्यांना पुढे हौशी लोकांनी भरमसाट किंमत दिली. पण ऐकणाऱ्यांनी धडा भलताच घेतला. त्यांना वाटलं, सालाची ताटली घेऊन ठेवली की भाव वाढतोच.

हे वाटणं धंदेवाल्यांनी ओळखलं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात 1964 साली फ्रँकलिन मिंट नावाची खाजगी टांकसाळ सुरू झाली. ती पदकं, शोभेची नाणी पाडायची आणि टपालाने घरोघर विकायची. 1970 मध्ये तिने नाताळची ताटली काढली, तीही चिनीमातीची नाही, स्टर्लिंग चांदीची. स्टर्लिंग म्हणजे हजार भागांत 925 भाग शुद्ध चांदी आणि बाकी बहुतेक तांबं, कारण निव्वळ चांदी मऊ पडते. आठ इंची ताटली, त्यावर कोरलेलं चित्र, आणि चित्रकार होते नॉर्मन रॉकवेल.

हे रॉकवेल कोण? 1894 साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले. बाविसाव्या वर्षी, 1916 मध्ये, 'सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट' या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचं चित्र आलं आणि पुढे सत्तेचाळीस वर्षं येत राहिलं. मुखपृष्ठं तीनशेच्या वर. चित्रात साधी माणसं असायची. आजी जेवण वाढतेय, पोरं खोड्या करतायत, सैनिक घरी परततोय. आपल्या पंडित नेहरूंचं चित्रही त्यांनी काढलं होतं, जानेवारी 1963 च्या अंकावर ते छापून आलं. अमेरिकेतल्या घराघरात त्यांच्यावर माया होती.

त्या मायेची ताकद आधी एकदा दिसलेली होती. दुसऱ्या महायुद्धात, 1943 साली, रॉकवेल यांनी चार स्वातंत्र्यांवर चार चित्रं काढली. बोलण्याचं, उपासनेचं, आणि भुकेपासून व भीतीपासून सुटकेचं स्वातंत्र्य. सरकारने ती गावोगाव नेली आणि सोबत युद्धकर्जाचे रोखे विकले. 13 कोटी 20 लाख डॉलर उभे राहिले. मैत्रिणींनो, इथे थांबा. त्या रोख्यावर लिहिलेलं होतं, की अमुक साली अमुक रक्कम परत मिळेल. चित्राने माणूस खिडकीपर्यंत आणला, पण पैसे परत देण्याचं वचन कागदावर होतं.

चांदीच्या ताटलीत असं वचन कुठेच नव्हतं.

आता आकडे घेऊ, आपण गटाच्या बैठकीत घेतो तसे. 1970 ची पहिली ताटली 'झाड घरी आणताना'. किंमत 100 डॉलर. तिच्यात चांदी सहा औंसाच्या आसपास. एक औंस म्हणजे 31 ग्रॅम. त्या वर्षी चांदी औंसाला दोन डॉलरच्या आत होती. म्हणजे शंभर डॉलरच्या ताटलीत चांदी जेमतेम दहा-बारा डॉलरची. बाकीचं सगळं घडणावळ, जाहिरात, टपाल, नफा आणि चित्रकाराचं नाव. तेवढ्याच शंभर डॉलरची नुसती चांदी घेतली असती, तर पन्नास औंसांच्या वर, म्हणजे दीड किलोहून जास्त आली असती.

आणि नग किती? 'मर्यादित' म्हणून विकलेल्या त्या पहिल्या ताटलीचे 18,321 नग निघाले. पुढच्या वर्षी 24,792. 1972 मध्ये किंमत 125 डॉलर झाली, तरी 29,074. पहिल्या ताटलीला बाजारात सुरुवातीला चढा भाव मिळत होता, म्हणून लोक तुटून पडले. मग भाव उतरला आणि घेणारेही ओसरले. 1973 मध्ये 18,010, 1974 मध्ये 175 डॉलरला 12,822, आणि 1975 ची शेवटची ताटली 'नाताळसाठी घरी' 180 डॉलरला 11,059. जी वस्तू हजारो घरांत जपून, पेटीसकट ठेवलेली आहे, ती दुर्मिळ कशी होणार? डेन्मार्कची ताटली महाग झाली, कारण ती फारशी उरलीच नाही. इथे सगळ्यांनीच सांभाळून ठेवल्या.

1978 साली अमेरिकेच्या दूरदर्शनवर '60 मिनिट्स' या कार्यक्रमाने या टांकसाळीच्या वस्तूंची परत विक्री तपासली. घेतलेल्या किमतीला त्या विकल्या जात नाहीत, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. कंपनीने चांदीत खोट केली होती असं नाही. चांदी 925 च होती. फसगत झाली ती आपल्याच हिशोबाची, मजुरीलाही चांदी समजण्याची.

पुढचा प्रसंग तर सगळं उघड करतो. टेक्सासच्या हंट बंधूंनी चांदीचा प्रचंड साठा केला आणि जानेवारी 1980 मध्ये भाव औंसाला 50 डॉलरच्या जवळ गेला. मग लोकांनी ताटल्या, चमचे, पदकं मोडीत काढली. तेव्हा ज्यांनी मोडली त्यांना बरे पैसे मिळाले. पण वजनकाट्यावर रॉकवेल यांच्या चित्राला वेगळा भाव कुणी दिला नाही. मार्चअखेर भाव 11 डॉलरच्या खाली आला आणि थांबलेले तिथेच राहिले.

आता आपल्या दारात येऊ. दिवाळीत लक्ष्मीचं चित्र असलेलं चांदीचं नाणं, देवाची मूर्ती, लेकीचे पैंजण, बारशाची वाटी हे आपण घेतोच, आणि आनंदाने घ्यावं. आनंदालाही किंमत असते. फक्त ती रक्कम वहीत 'बचत' या रकान्यात लिहू नका. सराफाकडे चार गोष्टी विचारा आणि पावतीवर लिहून घ्या. वजन किती, शुद्धता किती, मजुरी वेगळी किती, आणि परत आणलं तर कोणत्या भावाने घेणार. 100 ग्रॅमचे पैंजण 70 टक्के शुद्ध असतील तर त्यात चांदी 70 ग्रॅमच. मोड घालताना मजुरी परत येत नाही, वर तूट धरतात ती वेगळी.

कुणी म्हणेल, ताई, हा मर्यादित नग आहे, भाव वाढणारच. तर त्याला विचारा, किती नग काढले आणि परत कोण घेणार? उत्तर कागदावर देत असेल तर ऐका.

येत्या बैठकीत घरातल्या एकेका चांदीच्या वस्तूची पावती आणा. वजन, शुद्धता, मजुरी असे तीन रकाने करून मांडू. पावतीच नसेल तर तेही लिहू.