समन्स नाकारू नका

१८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. त्या संतापामागे एकतर्फी हुकूमनामेही होते. समन्स कित्येकदा कर्जदार शेतकऱ्याच्या हाती पोचतच नसे. पोचलं तरी कोर्टाच्या धास्तीने तो घरीच बसे. मग त्याच्या गैरहजेरीतच निकाल लागे आणि जमीन जाई.

१८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने पुणे जिल्ह्यात, म्हणजे जुन्नरच्या मुलखातही, हे बदललं. प्रतिवादीला बोलावून त्याची जबानी घ्यायची, कर्ज मुळापासून तपासायचं, ही जबाबदारी न्यायाधीशावर आली. हा मोठाच न्याय होता.

आज जुन्नर किंवा घोडेगावच्या कोर्टाचा बेलीफ दारी येतो. सही नाकारली, तर प्रत दाराला चिकटवून बजावणी होऊ शकते. म्हणून समन्स घ्या, तारीख पाहा, वकील गाठा. साक्षीदार असाल, तर दिवाणी दाव्यात प्रवासखर्च आणि भत्ता मिळतो, तो मागा.