नाव, पत्ता आणि क्रमांक : नियतकालिकांच्या वर्गणीव्यवहारातील संस्था

नियतकालिकांचा इतिहास आपल्याकडे बहुधा संपादक, लेखक आणि वाङ्मयीन वाद यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. छापलेला अंक वाचकापर्यंत ज्या व्यवहारातून पोहोचतो तो व्यवहार या इतिहासाबाहेरच राहतो. प्रकाशक, वर्गणी गोळा करणारा अभिकर्ता, ग्रंथालय आणि संस्था अशी ही साखळी असते व तिच्यातील प्रत्येक कडी वर्गणीदाराची नोंद आपापल्या परीने ठेवते. एका नोंदीत विद्यापीठाचे नाव असते, दुसरीत ग्रंथालयाचे, तिसरीत एखाद्या विभागाचे. ही तिन्ही नावे एकाच वर्गणीदाराची आहेत काय, हा प्रश्न वरकरणी कारकुनी वाटतो. वस्तुतः तो ओळखीचा आणि म्हणूनच अर्थनिर्णयाचा प्रश्न आहे.

या साखळीत क्रमांक आधी वस्तूला मिळाला. नियतकालिकांसाठी आठ स्थानांच्या प्रमाण क्रमांकाचे (आयएसएसएन) आंतरराष्ट्रीय मानक १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. 'कोणते नियतकालिक' हे त्याने निश्चित झाले. 'कोणाला' हे अनिश्चितच राहिले. १९८० मध्ये अमेरिकेतील ग्रंथव्यवहारासाठी सात अंकी प्रमाण पत्ता-क्रमांक (सॅन) आला. नावाप्रमाणेच तो पत्ता निश्चित करी. छापील अंकाच्या युगात वर्गणीदार म्हणजे टपाल जेथे पोहोचते ते ठिकाण, ही कल्पना पुरेशी होती.

अंक संगणकाच्या पडद्यावर आला आणि हा आधार सुटला. वर्गणी ही आता वस्तूची खरेदी न राहता वाचनाच्या अधिकाराची झाली. नोंद चुकली, तर पैसे भरलेल्या संस्थेच्या वाचकालाही दार बंद. म्हणूनच २००६ मध्ये ब्रिटिश लायब्ररी, हायवायर प्रेस, स्वेट्स आणि रिंगगोल्ड यांनी मिळून साखळीतील सर्वांनी एकच संस्था-क्रमांक वापरण्याचा प्रायोगिक प्रकल्प हाती घेतला. अमेरिकेतील नायसो या मानकसंस्थेने २००८ मध्ये या प्रश्नासाठी अभ्यासगट नेमला. २०१३ मधील त्याच्या शिफारशींचा कौल 'इस्नी' या सोळा अंकी क्रमांकाकडे होता. त्याचे मानक २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. मूलतः लेखक-कलावंतांची ओळख निश्चित करण्यासाठी योजलेला हा क्रमांक संस्थांनाही लागू झाला, ही बाब साहित्याच्या अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी आहे.

सोस्यूरच्या विवेचनानंतर चिन्हाची यादृच्छिकता आपल्या परिचयाची झाली आहे. संस्था-क्रमांक हे यादृच्छिकतेचे टोक होय : तो काहीच सुचवीत नाही, म्हणूनच टिकतो. नाव मात्र सुचविते आणि म्हणूनच बदलते. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९५८ ची. नामांतराचा ठराव १९७८ मध्ये विधिमंडळात संमत झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ हे नाव प्रत्यक्षात आले ते १९९४ मध्ये. पुढे शहराचे नावही बदलले. वर्गणीच्या नोंदवहीत या सर्व घडामोडी म्हणजे केवळ 'नाव बदलले, पत्ता बदलला' एवढीच दुरुस्ती. क्रमांक एकच राहू शकतो. पण त्या नावासाठी माणसांनी प्राण वेचले, हे कोणत्याही क्रमांकात मावत नाही. क्रमांक सातत्य राखतो, स्मृती राखीत नाही. जुनी नावे पर्याय म्हणून क्रमांकाशी जोडून ठेवणे हे त्यामुळे तांत्रिक सोयीपुरते राहत नाही. ते इतिहासाचेही काम ठरते.

तथापि क्रमांक निरर्थक असला तरी तो देण्याची क्रिया निरर्थक नाही. संस्थेची सीमा कोठे आखावयाची, याचा निर्णय तीत अनुस्यूत असतो. विद्यापीठ आणि त्याला संलग्न, पण खाजगी शिक्षणसंस्थेने चालविलेले महाविद्यालय हे एक घटक की दोन? जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेच्या पहिल्या टप्प्यात केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील ६,३०० हून अधिक संस्थांचा समावेश ठरला. अशा वेळी सीमारेषेच्या कोणत्या बाजूला आपली नोंद आहे, यावर एखाद्या तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्याला मूळ लेख वाचता येईल की नाही, हे ठरते.

क्रमांकाची मालकी हाही प्रश्न आहे. रिंगगोल्डची यादी व्यावसायिक मालकीची होती. २०१९ मध्ये सुरू झालेली 'रोर' ही नोंदवही सर्वांना विनामूल्य खुली आहे. वाचनाचा अधिकार ज्या चिन्हावर अवलंबून आहे, ते चिन्ह कोणाच्या हाती असावे, याची चर्चा केवळ ग्रंथपालांवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही.