मदतवाहिन्या, मीरा-भाईंदरमधील
अडचणीत सापडलेल्या कुटुंबाला सरकारी यंत्रणेशी व स्थानिक सेवांशी जोडून देणारे फोन क्रमांक. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७, मानसिक त्रासासाठी १४४१६ (टेलिमानस) आणि जिवावर बेतले असेल तर ११२.

यांतली सर्वांत जुनी १०९८. जेरू बिलिमोरिया यांनी जून १९९६ मध्ये मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा प्रकल्प म्हणून ती सुरू केली. रस्त्यावर आणि रेल्वे फलाटांवर राहणाऱ्या मुलांना पैसे न भरता फोन करता यावा आणि ‘दस नौ आठ’ हा आकडा तोंडपाठ व्हावा, हा हेतू. १९९९ मध्ये चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशन स्थापन झाले. २०२३ मध्ये ‘मिशन वात्सल्य’अंतर्गत हे काम संस्थांकडून राज्य सरकारकडे आले. आता तातडीचा फोन ११२ कडे वळवला जातो, बाकीचे काम जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जाते. ताब्यात घेतलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे हजर करावेच लागते.

मीरा-भाईंदरची खरी अडचण हद्दींची आहे. महानगरपालिका २००२ ची. पोलीस आयुक्तालय १ ऑक्टोबर २०२० पासून वसई-विरारसह एकच आहे. पण १ ऑगस्ट २०१४ च्या विभाजनानंतर वसई-विरार पालघर जिल्ह्यात गेले आणि मीरा-भाईंदर ठाण्यातच राहिले. त्यामुळे वसई-विरारमधल्या नायगावचे मूल भाईंदर स्थानकात सापडले, तर खाडीच्या दोन्ही काठांवर पोलीस एकाच आयुक्तांचे, बाल संरक्षण कक्ष मात्र दोन. जिल्ह्याचे ठिकाण ठाणे. तिथे जायला थेट लोकल नाही. घोडबंदर रस्ता धरायचा किंवा दादरला गाडी बदलायची. रोजंदारी बुडवून दोन-तीन हेलपाटे घालणाऱ्या आईला हे अंतर फार जड जाते. म्हणूनच नुसता क्रमांक सांगून भागत नाही; पाठपुरावा करणारे माणूस शहरातच हवे.

फोन करताना पत्ता नेमका सांगावा. मीरा रोडच्या शांतीनगरात सेक्टर, इमारत, विंग आणि मजला सांगितल्याशिवाय घर सापडत नाही. उत्तन, डोंगरी, चौक या गावांत जवळचे चर्च, मंदिर किंवा बसथांबा सांगितलेला बरा.

ज्येष्ठ नागरिकांची १४५६७ ही वाहिनी सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते. मुले सांभाळत नसतील, तर २००७ च्या कायद्यानुसार उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहभत्त्याचा अर्ज करता येतो. केंद्राच्या या कायद्यात त्याची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये आहे. अर्ज कसा व कुठे करायचा, याचे मार्गदर्शन या क्रमांकावर मिळते.