काडतुसांची नावे आणि खांद्यावरचा धक्का : हरणाच्या शिकारीसाठी सौम्य रायफल निवडण्याचा इतिहास

‘काडतूस’ हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला. ‘बंदूक’ हा अरबी-फारसी मार्गाने आला असून त्याचा मूळ अर्थ एका जातीचे गोल कवचफळ व त्यावरून गोळी असा आहे. ‘रायफल’ इंग्रजीतून आला. शस्त्राबरोबर शब्द येतो, आणि त्या शब्दात शस्त्र वापरणाऱ्यांनी कोणत्या गुणाला महत्त्व दिले याची खूण उरते. पाश्चात्त्य देशांत गेल्या दीडशे वर्षांत प्रचारात आलेल्या काडतुसांची नावे या दृष्टीने पाहिली तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. कोणत्या नावात नळीचा व्यास आहे, कोणत्यात दारूचे वजन, कोणत्यात साल, कोणत्यात गोळीचा वेग, तर कोणत्यात कर्त्याचे नाव आहे. परंतु बार उडताच शिकाऱ्याच्या खांद्यावर जो धक्का बसतो, त्याची नोंद यांपैकी कोणत्याही नावात नाही. आणि हरणाच्या शिकारीत जनावर जागच्या जागी मरते की जखमी होऊन रानात नाहीसे होते, हे पुष्कळदा या अनुच्चारित धक्क्यावरच अवलंबून राहिलेले आहे.

धक्क्याचे कारण साधे आहे. गोळी व दारूचा वायू जेवढ्या संवेगाने पुढे जातात, तेवढ्याच संवेगाने रायफल मागे येते. १०० ग्रेन, म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला ९०० मीटर वेगाने सोडणारी ३.४ किलोग्रॅमची रायफल घेतली, तर मागे येणाऱ्या रायफलची ऊर्जा सुमारे १३ जूल भरते. त्याच वजनाच्या रायफलमधून १८० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने सोडली, तर तीच ऊर्जा २९ जूलपर्यंत जाते. गोळीचे वजन दुपटीहून कमी वाढले, तिचा वेग उलट घटला, तरी धक्का मात्र दुपटीहून अधिक झाला. कारण मागे येणाऱ्या रायफलची ऊर्जा संवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उलटपक्षी, रायफलचे वजन ३.४ वरून ४ किलोग्रॅम केले तर धक्क्याची ऊर्जा सुमारे १५ टक्क्यांनी उतरते. जड रायफल धक्का कमी करते. पण ती दिवसभर डोंगरातून वाहून न्यावी लागते. निवडीचा पेच येथूनच सुरू होतो.

धक्क्याची पीडा ही त्यातील गौण गोष्ट होय. मुख्य अनर्थ असा की, धक्क्याची धास्ती घेतलेल्या माणसाचे अंग चाप ओढण्यापूर्वीच आखडते, डोळे मिटतात आणि नळी जागची हलते. हरणाचे हृदय व फुप्फुसे यांचा प्रदेश लहान असतो. तेथे लागणारी मध्यम शक्तीची गोळी जनावराला लवकर मारते. पोटात किंवा पायात लागलेली प्रबळ गोळी त्याला दीर्घ यातना देते. म्हणून सौम्य रायफलचा प्रश्न हा वरवर पाहता शिकाऱ्याच्या सोयीचा असला, तरी वस्तुतः तो जनावराच्या यातनेचा प्रश्न आहे.

काळ्या दारूच्या युगात या प्रश्नाला फारशी वाट नव्हती. त्या दारूने गोळीला फार वेग देता येत नसे. त्यामुळे आघात वाढवावयाचा तर गोळी मोठी करणे हाच उपाय होता. अमेरिकन सैन्याने १८७३ मध्ये स्वीकारलेले ‘.४५-७०’ हे काडतूस याचे उदाहरण आहे. नावातील पहिला आकडा इंचात नळीचा व्यास सांगतो, दुसरा दारूचे वजन ग्रेनमध्ये. गोळी ४०५ ग्रेनची, म्हणजे सुमारे २६ ग्रॅमची. घोडदळाच्या आखूड व हलक्या बंदुकीत हा भार असह्य होई, म्हणून तिच्यासाठी दारू ५५ ग्रेनवर आणण्यात आली. कमी धक्क्याचे काडतूस मुद्दाम तयार करण्याचा हा एक जुना व स्पष्ट दाखला होय.

खरी क्रांती १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने धूरविरहित दारू सिद्ध केल्यावर झाली. १८८६ च्या लेबेल रायफलने तिचा सैनिकी उपयोग दाखवून दिला. थोड्या दारूत अधिक वेग मिळू लागला, आणि लहान व्यासाची, लांबट, धातूच्या कवचाची गोळी शक्य झाली. अमेरिकेत जॉन ब्राउनिंगने रचलेल्या विंचेस्टरच्या १८९४ च्या नमुन्यासाठी १८९५ मध्ये जे काडतूस बाजारात आले, ते पुढे ‘.३०-३०’ या नावाने रूढ झाले. त्याची मूळ गोळी १६० ग्रेनची व वेग सेकंदाला सुमारे ६०० मीटर होता. या नावात भाषेच्या दृष्टीने एक मौज आहे. दुसरा ‘३०’ धूरविरहित दारूचे वजन दाखवितो. म्हणजे दारू नवी, पण नाव ठेवण्याची रीत काळ्या दारूच्या काळातलीच. हलकी रायफल, सोसवेल असा धक्का व जंगलातील जवळच्या अंतराला पुरेशी शक्ती, यांमुळे पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीत या जोडीने जे स्थान मिळविले ते अनेक पिढ्या टिकले. या नमुन्याच्या सत्तर लाखांहून अधिक रायफली तयार झाल्या.

युरोपात याच दशकात याहूनही समतोल रचना झाल्या होत्या. माउझरचे ७ × ५७ हे काडतूस १८९२ चे. स्पेनने ते १८९३ मध्ये सैन्यासाठी घेतले. स्वीडन व नॉर्वे यांनी ६.५ × ५५ चा स्वीकार केला, तेव्हा ही दोन राज्ये एकाच मुकुटाखाली होती. या नावांत पहिला आकडा व्यासाचा आणि दुसरा कवचाच्या लांबीचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. येथे वर्णन आहे, जाहिरात नाही. व्यासाच्या मानाने लांब व जड असलेली यांची गोळी खोल शिरे, आणि तरीही धक्का मध्यमच राही. स्कँडिनेव्हियात ६.५ × ५५ ने हरणच नव्हे, तर मूससारखे धिप्पाड जनावरही मारले जाते.

ब्रिटनमध्ये ७ × ५७ ला ‘.२७५ रिग्बी’ असे नाव मिळाले आणि त्या नावाने ते हिंदुस्थानात पोचले. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना १९०७ मध्ये भेट मिळालेली रायफल याच काडतुसाची होती. आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल याने याच काडतुसाने अनेक हत्ती मारले. मात्र बेलच्या उदाहरणाचा अर्थ पुष्कळदा चुकीचा लावला जातो. लहान गोळी कोणत्याही जनावराला पुरते, असे त्यावरून सिद्ध होत नाही. बेल हत्तीच्या कवटीची रचना अभ्यासून गोळी नेमकी कोठे घालावयाची हे जाणत होता. सौम्य रायफलने नेम साधणे त्याला सुलभ झाले, इतकाच त्याचा निष्कर्ष आहे.

अमेरिकेतील प्रवाह काही काळ उलट दिशेने वाहिला. १९०६ मध्ये सैन्याने घेतलेले ‘.३०-०६’ दोन महायुद्धांमुळे घरोघर परिचित झाले. त्याच्या नावातील ‘०६’ हे साल आहे. नाव ठेवण्याची रीत पुन्हा बदलली. हे काडतूस समर्थ खरे, पण हरणासाठी आवश्यकतेहून अधिक व नवशिक्याच्या खांद्याला जड. त्याला पर्याय शोधण्याचे प्रयत्नही चालूच होते. चार्ल्स न्यूटन यांनी रचलेले सॅव्हेज कंपनीचे ‘.२५०-३०००’ हे १९१५ मध्ये आले. त्यातील ‘३०००’ हा सेकंदाला फुटांमध्ये गोळीचा वेग. हा गाजणारा आकडा गाठता यावा म्हणून कंपनीने गोळी ८७ ग्रेनची हलकी ठेवली. म्हणजे येथे वस्तूला नाव मिळाले नाही, नावासाठी वस्तू घडविली गेली. पुढे नेड रॉबर्ट्स यांच्या प्रयोगांतून, ७ × ५७ चेच कवच तोंडाशी निमुळते करून, ‘.२५७ रॉबर्ट्स’ निघाले व रेमिंग्टन कंपनीने १९३४ मध्ये ते बाजारात आणले. हरणाला पुरेसे व खांद्याला सौम्य अशी त्याची ख्याती झाली.

१९५५ हे साल या इतिहासात विशेष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी जवळजवळ एकाच व्यासाची दोन काडतुसे पुढे आली. विंचेस्टरने १९५२ च्या आपल्या .३०८ चे कवच निमुळते करून ‘.२४३’ काढले, रेमिंग्टनने.२५७ रॉबर्ट्सच्या कवचावरून ‘.२४४’. शक्तीने दोन्ही सारखीच. भेद होता तो नळीतील पेचदार खाचांत. विंचेस्टरच्या खाचा दहा इंचांत एक फेरा घेत, त्यामुळे १०० ग्रेनची लांब गोळी हवेत स्थिर राही. रेमिंग्टनने आपले काडतूस मुख्यतः लहान उपद्रवी प्राण्यांसाठी मानले, खाचा बारा इंचांत एक फेरा अशा ठेवल्या आणि गोळी ९० ग्रेनपुरतीच ठेवली. ग्राहकाला मात्र एकच रायफल दोन्ही कामांसाठी हवी होती. .२४३ लोकप्रिय झाले, .२४४ मागे पडले. १९६३ मध्ये रेमिंग्टनने खाचांचा फेरा नऊ इंचांवर आणून तेच काडतूस ‘६ मिलिमीटर रेमिंग्टन’ या नव्या नावाने विकावयास काढले. पण गेलेला बाजार परत आला नाही. सौम्यता पुरेशी नसते, तिच्याबरोबर हरणाला योग्य अशी गोळीही चालली पाहिजे, हा या प्रकरणाचा बोध होय.

सौम्यतेला खालची मर्यादा कोठे, हे ठरविण्याचे काम कायद्याने केले. इंग्लंड व वेल्समधील १९६३ च्या हरीण कायद्याने .२४० इंचांहून लहान व्यासाची किंवा नळीच्या तोंडाशी १,७०० फूट-पौंडांहून, म्हणजे सुमारे २,३०० जूलांहून, कमी ऊर्जेची रायफल निषिद्ध केली. .२४३ ही मर्यादा पुरेशा अंतराने ओलांडते. जर्मनीत लहान रो हरणासाठी १०० मीटरवर १,००० जूल एवढी ऊर्जा पुरेशी मानतात. पण लाल हरणासारख्या मोठ्या खुरी शिकारीसाठी किमान ६.५ मिलिमीटर व्यास व १०० मीटरवर २,००० जूल लागतात. त्यामुळे इंग्लंडमध्ये लाल हरणास चालणारे .२४३ जर्मनीत व्यासामुळेच अपात्र ठरते. स्कॉटलंडमध्ये मोठ्या हरणांसाठी १०० ग्रेनच्या गोळीची अट होती. शिशाऐवजी तांब्याच्या, वजनाने हलक्या गोळ्या वापरता याव्यात म्हणून २०२३ मध्ये ती ८० ग्रेनवर आणली गेली. कायद्यांचे आकडे भिन्न असले तरी हेतू एकच आहे : खांद्याची सोय पाहताना जनावराला यातनेत लोटू नये.

पुढील काळातील दोन काडतुसे या दोन मर्यादांच्या मधली जागा भरतात : १९८० चे ‘७ मिलिमीटर-०८ रेमिंग्टन’ व २००७ चे ‘६.५ क्रीडमोर’. पहिल्यातील ‘०८’ हे .३०-०६ मधल्यासारखे साल नव्हे. तो जनक काडतूस.३०८ याचा अवशेष आहे. दुसऱ्याचे नाव न्यूयॉर्कजवळच्या एका जुन्या नेमबाजीच्या मैदानावरून आले. १४० ग्रेनच्या गोळीसह ३.४ किलोग्रॅमच्या क्रीडमोर रायफलचा धक्का सुमारे १७ जूल भरतो, म्हणजे.२४३ हून थोडा अधिक, .३०-०६ हून पुष्कळ कमी. रबराची गादी, शरीराच्या मापाचा दस्ता व आवाज दाबणारी नळी हेही उपाय प्रचारात आहेत. नळीच्या तोंडाशी बसविलेला, वायू बाजूला वळविणारा अवरोधक धक्का बराच उतरवितो. पण बाराचा आवाज शिकाऱ्याच्या कानांवर वाढवितो, आणि मोठ्या आवाजानेही माणूस दचकतोच.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून या विषयाचा व्यावहारिक संबंध संपत गेला. चितळ, सांबर व भेकर यांची शिकार आज येथे गुन्हा आहे. तथापि जेथे हरणांची संख्या शिकारीनेच आटोक्यात ठेवली जाते, त्या देशांत हा प्रश्न जिवंत आहे. तेथील इतिहास असे दर्शवितो की, निवडीचा क्रम जनावरापासून सुरू व्हावयास हवा : प्रथम जनावर व अंतर, मग त्याला पुरेशी गोळी व कायद्याची किमान मर्यादा, आणि त्या मर्यादेच्या वर जी काडतुसे उरतात त्यांतून जिचा धक्का माणूस न दचकता सोसू शकतो अशी रायफल. बाजाराने ठेवलेली नावे व्यास, साल, वेग आणि कर्ते यांची कीर्ती सांगतात. शिकाऱ्याला उपयोगी पडणारे माप त्यांत नाही. ते त्याला लक्ष्यफलकापुढे बसून, आपल्याच गोळ्यांची भोके मोजून ठरवावे लागते.