शिक्क्यामागचा शिक्का

वाण्याच्या वजनावर सरकारी शिक्का दिसला की आपण निमूटपणे धान्य घेतो. वाणी सज्जन आहे म्हणून नव्हे. त्याचे वजन तपासणारा कोणी आहे म्हणून. पण त्या तपासणाराची तपासणी कोणी करावयाची?

या प्रश्नाला संघटित उत्तर प्रथम ऑस्ट्रेलियाने दिले. दुसऱ्या महायुद्धात दारूगोळ्याच्या चाचण्यांसाठी भरवशाच्या प्रयोगशाळांची उणीव तेथे भासली. १९४७ साली प्रयोगशाळांचीच परीक्षा घेणारी ‘नाटा’ ही संस्था निघाली. अशा परीक्षेला अधिस्वीकृती म्हणतात. पुढे १९७७ साली कोपनहेगन येथे अनेक देशांची परिषद भरली. एका देशात तपासलेला माल दुसऱ्या देशात पुन्हा तपासावा लागू नये, हा हेतू. २ नोव्हेंबर २००० रोजी वॉशिंग्टन येथे परस्पर-मान्यतेचा करार झाला. त्यातील मर्म असे, की प्रत्येक देशाच्या अधिस्वीकृती संस्थेचे काम इतर देशांचे जाणकार येऊन पाहतात. आपणच आपला न्यायाधीश व्हावयाचे नाही!

आम्हां कामगार चळवळीतील माणसांना हे तत्त्व मनोमन पटते. पण त्याची कसोटी कारखान्याच्या दारात लागते. याच धर्तीवर श्रमपरिस्थितीचीही प्रमाणपत्रे निघाली. कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला ऑगस्ट २०१२ मध्ये ‘एसए ८०००’ हे प्रमाणपत्र मिळाले. देणारी इटलीची संस्था अधिस्वीकृत होती; प्रत्यक्ष पाहणी मात्र स्थानिक कंपनीकडे सोपविलेली. ११ सप्टेंबरला तेथे आग लागली आणि अडीचशेहून अधिक कामगार दगावले. आग मुद्दाम लावली गेली, असा निकाल २०२० साली न्यायालयाने दिला. परंतु कुलूपबंद दारे आणि खिडक्यांचे गज तर आगीआधीपासूनच होते ना?

निरीक्षक येणार म्हटले, की आदल्या संध्याकाळी नवे हातमोजे वाटले जातात आणि तो गेला की परत कपाटात जातात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

म्हणून अधिस्वीकृती टाकाऊ ठरत नाही. ती नसती, तर प्रमाणपत्र देणाऱ्यास जाब विचारण्याची जागाच उरली नसती. मात्र ही साखळी वरून कितीही भक्कम असली, तरी तिची शेवटची कडी यंत्राशी उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोहोचली पाहिजे. मालकाच्या गैरहजेरीत त्याला एवढेच विचारा: “दार उघडे असते का?”