फ्लटरमधील पालक आणि अपत्य

गूगलच्या फ्लटर प्रणालीत (पहिली स्थिर आवृत्ती : डिसेंबर २०१८) पडद्याची मांडणी डार्ट भाषेत, एकात एक बसवलेल्या विजेटांतून लिहिली जाते. आतले विजेट एकच असल्यास ‘चाइल्ड’, अनेक असल्यास ‘चिल्ड्रन’ या नावाखाली येते. मापाची मर्यादा पालक घालतो, अपत्य त्या मर्यादेत आपला आकार ठरवते. जागा मात्र पुन्हा पालकच नेमतो. म्हणूनच रुंदी-उंची १०० लिहिलेला रंगीत कंटेनर थेट मुळाशी ठेवल्यास सारा पडदा व्यापतो. नवशिके मग आकडे बदलत बसतात, आणि तो वेळ फुकटच जातो. कारण तिथे पूर्ण मापाची सक्ती खुद्द पडद्याची असते. मध्ये ‘सेंटर’ विजेट घातले की सक्ती सैल होते आणि कंटेनर १०० वर येतो.